कुणीच गुडघे टेकले नाहीत

माझे सासरे जिगेवरून गेले. जिगे म्हणजे पाठीला अडकवायची लाकडाची घोडी. तिच्यावर आम्ही सरपण आणतो, खत टाकतो, भाताच्या पेंढ्या वाहतो. जन्मभर त्या माणसानं गावातली मयतं खांद्यावरून डोंगरावर पोचवली, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा गवताच्या चटईत गुंडाळून, दोरीनं आवळून, त्याच्याच भावानं त्याला जिगेवर नेलं. चढाला चटईतून पाय बाहेर आले होते. माझ्या सासूनं ते मागून चालताना पाहिलं. तेव्हापासून तिचं देवाकडं, माणसांकडं, दारातल्या कुत्र्याकडंसुद्धा एकच मागणं होतं, की मला पालखीतून न्या.

आमच्या सेत्कोल गावात मयताची पालखी होती. रंगवलेली, चारी कोपऱ्यांना लाकडी पाखरं, वर पांढरं छत, खाली दोन लांब दांडे. उचलायला बारा माणसं लागायची. ओढ्याच्या खालच्या अंगाला आमची सात घरं, ती पालखी उचलायला. वरच्या अंगाला ग्वाकांची घरं, ती पालखीतून जायला. असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण विचारायलाही कुणी गेलं नव्हतं. पालखी गावाबाहेरच्या एका मातीच्या खोलीत असायची आणि खोलीची किल्ली थोरल्या ग्वाकांच्या कमरेला. आमचं शेत त्यांचंच, आम्ही ते अर्धलीनं करायचो. चर्च त्यांच्या जागेत, त्यांच्या लाकडानं उभं राहिलेलं, म्हणून चर्चचे पहिले पंचही तेच.

माझ्या नवऱ्याचं नाव बांग दोकस्वे. दाढीत पांढरं आलं तरी गावात ह्यांना 'अरे दोकस्वे' म्हणायचे. ग्वाकांचा सात वर्षांचा नातू म्हणायचा, आणि हे 'जी' म्हणून उभे राहायचे. मी बुन्ने. मला तर कुणी नावानंही हाक मारत नव्हतं, दोकस्वेची बायको एवढंच.

यू पाळक आमच्याकडं आले ते अधिक महिन्याच्या वर्षी, वसंतात. तिशीसुद्धा गाठली नव्हती. सोलच्या मोठ्या शाळेत ईश्वरविद्या शिकलेले, चष्मा लावणारे, बारीक मानेचे. आधीचे पाळक पाप आणि नरक सांगायचे. ते ऐकायला सोपं होतं, मधे डुलकी लागली तरी काही चुकत नव्हतं. हे नवे पाळक पहिल्याच रविवारी उभे राहिले आणि म्हणाले, "देवानं माणूस घडवला तो आपल्या प्रतिरूपाचा. जमीनवाला नव्हे, शिकलेला नव्हे, माणूस. म्हणून माणूस कुणाचं अवजार नाही. ज्याला तुम्ही गावाच्या खाली बसवता, त्याच्या शेजारी येशू जाऊन बसतो. त्याला शोधायचं तर तिथं जावं लागेल." पुढं सांगितलं, की त्यांचे गुरुजी सोलमध्ये हेच बोलले म्हणून तुरुंगात आहेत. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. बायकांच्या बाजूला पंचीणबाई, म्हणजे ग्वाकांची बायको, पंख्यानं वारा घेत होती ती थांबली.

दुसऱ्या दिवशी पाळक आमच्या ओट्यावर येऊन बसले. "बांगभाऊ, तब्येत कशी आहे तुमची?"

हे मागं वळून बघायला लागले, कोण बांगभाऊ आलाय म्हणून.

सासू आत आपलं कफन शिवत होती. अधिक महिन्यात शिवलं की आयुष्य वाढतं म्हणतात. पाळक तिलाही 'आजी, तुम्ही' म्हणाले. ती सुई दातात धरून म्हणाली, "पाळकसाहेब, मला तुम्ही म्हणू नका. कानात मुंगी शिरल्यासारखं होतं."

ते हसले. पण ह्यांना हसू आलं नाही. हे म्हणाले, "साहेब, काल तुम्ही म्हणालात ते प्रतिरूप. त्यात ही पण येते का?"

"कोण?"

"ही. आई माझी. ही जन्मली ती ग्वाकांच्या मुदपाकखान्यामागं. हिच्या आईला त्यांनी हुंड्याबरोबर आणलेली."

"बांगभाऊ, त्या तर आधी येतात."

"मग ही पालखीतून जाईल?"

"का नाही जाणार?" पाळक म्हणाले. इतकं सहज, की जणू बसमध्ये जागा मिळेल का असं कुणी विचारलंय. सासूनं सुई खाली ठेवली आणि त्या पोराच्या तोंडाकडं बघत राहिली. मला तेव्हाच वाटलं, ज्याच्या कमरेला किल्ली नाही त्यानं असं बोलू नये.

पाळकांचा पगार असा नव्हताच. आमच्यात रिवाज आहे, बाई भात टाकताना घरातल्या माणसामागं एकेक चमचा तांदूळ बाजूला काढते. चर्चच्या भिंतीला प्रत्येक घराची पिशवी टांगलेली असते, रविवारी त्यात ओतायचे. पाळक ते खातात. मी चार चमचे काढायची. हे, सासू, आमची पोर ओकबुन आणि मी.

त्या वर्षी लावणीच्या वेळेला पाणी नव्हतं. रोपं वाफ्यात पिवळी पडली होती, आणि चावडीवरचा भोंगा सकाळपासून सरकारी बियाण्याचा भात लावा म्हणून ओरडायचा. अशात थोरल्या ग्वाकांची आई गेली, एक्क्याण्णव वर्षांची. ग्वाकांचा गडी बांधावर येऊन उभ्याउभ्याच सांगून गेला, "परवा सकाळी पालखी आहे. तुझी माणसं घेऊन ये रे."

ह्यांनी कुदळ धुतली, पाय धुतले आणि थेट पाळकांकडं गेले. येऊन मला म्हणाले, "मी उचलीन, पण बोलून उचलीन. पाळक म्हणाले बोला, मी आहे ना तिथं."

"बोलू नका. लावणी तोंडावर आहे," मी म्हणाले.

"लावणी दरवर्षी तोंडावर असते."

ग्वाकांच्या वाडीत मी स्वयंपाकघरात कांद्याची पात निवडत होते. दारातून अंगण दिसत होतं. चटयांवर माणसं रस्सा भुरकत बसलेली. थोरले ग्वाक तागाच्या सुतकी कपड्यांत, कमरेला दोर बांधून, काठीवर वाकून उभे. पाळक पुरुषांत पहिल्या चटईवर. हे टोपी हातात घेऊन आले आणि म्हणाले, "पंचसाहेब, आजीबाईंना आम्ही उचलतो. त्यांनी मला लहानपणी करपलेला भात खायला दिलाय, मी विसरलो नाही. पण या वेळी बारातले सहा आमचे असू द्या, सहा वरच्या घरांतले. चर्चमध्ये आपण एकमेकांना भाऊ म्हणतो. आणि आमच्यातलं कुणी गेलं, तर त्यालाही पालखी मिळावी."

भुरकण्याचा आवाज थांबला. ग्वाक म्हणाले, "कोण बोलतंय हे?"

"मी, दोकस्वे."

"तू नाही रे. तुझ्या तोंडून कोण बोलतंय ते विचारतोय." मग सावकाश पाळकांकडं वळले. "पाळकसाहेब, आपणच सांगा. माझी आई आत निजलीय. तिच्या मयतावर आज सौदा करायचा का?"

सगळं अंगण पाळकांकडं बघत होतं. आमचे हे पण बघत होते. पाळकांनी चष्मा काढला, पुसला, आणि पायरीवर ओळीनं लावलेल्या चपलांकडं बघत म्हणाले, "आज शोकाचा दिवस आहे. हा विषय आपण... नंतर, शांतपणे, मंडळीत घेऊ."

ह्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि निघाले. फाटकापाशी त्यांचा पाय अडखळला, तेव्हा कुणीतरी हसलं. मी कांद्याची पात निवडतच राहिले. माझे हात थांबले नाहीत, हे मला अजून आठवतं.

आमच्यातले अकरा जण दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं आले. बारावा खांदा नव्हता. कुणी सापडेना, म्हणून ग्वाकांच्या पुतण्यानं शेवटी मागच्या दांड्याला खांदा लावला. ग्वाकाच्या खांद्यावर पालखीचा दांडा, हे सेत्कोलनं पहिल्यांदा पाहिलं. आमच्या ह्यांनी तोंड उघडलं त्यापेक्षा ते थोरल्या ग्वाकांना जास्त लागलं.

संध्याकाळी पाळक आले. जेवले नव्हते. ओट्याच्या कडेला टेकून म्हणाले, "मी घाबरलो, बांगभाऊ."

"घाबरणारच," हे म्हणाले. "तुमचं घर त्यांच्या जागेत आहे." वाईट बोलायचं म्हणून नाही म्हणाले, खरंच समजून म्हणाले. मला मात्र ते भाताचं भांडं त्या माणसाच्या डोक्यात घालावंसं वाटलं. तरी मी त्याला वाढलं.

त्यानंतर आमची सावड तुटली. लावणीला कुणी येईना. आमच्याच ओढ्याखालच्या बायका, ज्यांच्या शेतात मी आठ दिवस वाकले होते, त्या बांधावरून मान फिरवून जायला लागल्या. पाटाचं पाणी वरून सगळ्यांचं झालं की मग आमच्याकडं, आणि आमच्या बांधाशी येईतो त्यात बेडूक भिजण्यापुरतं उरायचं. आम्ही दोघांनी घड्यानं ओढ्यातलं पाणी टाकून चिखल केला. लावणीला दोन टोकांना दोन माणसं दोरी धरतात आणि मधे दहाजण लावत मागं सरकतात. आमच्यात एक टोक सासूनं बांधावर बसून पायाच्या अंगठ्यात धरलं, दुसरं ओकबुननं, आणि मधे आम्ही दोघं. एक ओळ झाली की ओरडायचं, दोरी सरकली की परत वाकायचं. तिसऱ्या दिवशी मला सरळ उभं राहता येईना. रांगतच बांधावर चढले. पिंढरीला जळू लागलेली, ती ह्यांनी मीठ लावून काढली.

सासू बांधावरून म्हणाली, "तोंड उघडलंस ना? आता वाकवा कंबर सगळ्यांनी."

हे रोपांची पुढची जुडी सोडायला लागले.

"अरे, जा की. जाऊन पाय धर त्यांचे. तुझ्या बापानं धरले, आज्यानं धरले. काय झिजलं त्यांचं? मला पालखी पाहिजे."

"आई, मी माणूस आहे."

"माणूस आहेस तर आईचं ऐक," ती म्हणाली, आणि अंगठ्यातली दोरी सोडून दिली. ओकबुन परत धरायला धावली.

वरच्या घरांनी, आणि त्यांचं बघून खालच्यांनीही, चर्चच्या भिंतीवरच्या पिशव्या रिकाम्या ठेवायला सुरुवात केली. पाळकाला सांगायचं नाही, फक्त तांदूळ ओतायचे नाहीत. मग उरलो आम्ही आणि दोन म्हाताऱ्या. त्या उन्हाळ्यात आम्ही जवाचा भात खाल्ला, तोही कोरडा, घशात टोचणारा. मूठभर तांदूळ सासूसाठी शिजवताना मी चार चमचे बाजूला काढत होते, कारण नेम मोडला की घर मोडतं असं माझ्या मनानं घेतलं होतं. दर चमच्याला मी त्या पाळकाला शिवी घालायची. पण चमचा काही कमी भरला नाही. रविवारी तो माणूस तेच सांगायचा, प्रतिरूप, मान, माणूसपण, आणि आता ऐकायला चर्चमध्ये नऊ डोकी असायची. खरं सांगायचं तर त्याचा आवाज चांगला झाला होता. घाबरून झाल्यावर माणूस चांगलं बोलतो.

कापणी झाल्यावर त्याला पत्र आलं. जर्मनीत शिकायला बोलावलं होतं, खर्च तिकडच्या मंडळीचा. निरोप घ्यायला आला तेव्हा वही घेऊन आला. ह्यांना म्हणाला, "बांगभाऊ, त्या दिवशी अंगणात तुम्ही नक्की काय शब्द वापरले ते परत सांगाल? हे जगाला कळलं पाहिजे." हे सांगत गेले, तो लिहीत गेला. करपलेल्या भाताचं सांगितलं तेव्हा त्याच्या चष्म्याआड पाणी आलं. आपण चपलांकडं बघितलं ते त्यानं लिहिलं का, मला माहीत नाही. मला वाचता येत नव्हतं.

सासू तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिनं त्याचा हात धरला. "तू म्हणालास का नाही जाणार. आता तूच येशील उचलायला?"

"येईन, आजी. पुढचा खांदा माझा." असं म्हणून तो सोलला गेला, तिकडून पुढं जायचं होतं.

पहिलं हिव पडलं त्या आठवड्यात सासू गेली. सकाळी कोबीच्या पानाचा रस्सा दोन चमचे पिऊन भिंतीकडं वळली ती वळलीच. आम्ही तिला अधिक महिन्यात शिवलेलं कफन घातलं. ते मोठं झालं, ती इतकी वाळली होती. ह्यांनी सोलला तार केली. मग ग्वाकांकडं निरोप पाठवला, पालखी मिळेल का.

पुतण्या उत्तर घेऊन आला. त्याच्या मानेवर पालखीच्या दांड्यानं सोलवटल्याचा डाग अजून काळा होता. "काका म्हणतात, दोकस्वेनं यावं. सगळ्यांसमोर अंगणात, माझ्या आईच्या फोटोसमोर गुडघे टेकावेत. मग किल्ली."

हे म्हणाले, "नाही."

"दादा, मयत तुमच्या घरात आहे," तो म्हणाला. त्यानं ह्यांना दादा म्हटलं, ते फक्त मी ऐकलं असेन.

"माहीत आहे. माझीच आई आहे."

तो गेल्यावर हे परसात गेले, जिगे काढून आणला आणि त्याचे पट्टे नवीन पेंढ्याचे वळायला बसले. वळ सुटत होता, परत वळत होते. मी म्हणाले, "तिला जिगेवर नेणार?"

"गुडघे टेकून पालखी घेतली तर त्यात माणूस जाणार नाही, बुन्ने. मग त्यात नुसतं मढं जाईल."

पाळकानं शिकवलेलं होतं ते, आणि खोटं नव्हतं. पण आत जमिनीवर ती निजली होती, मोठ्या झालेल्या कफनात, आणि मला दिसत होते ते चटईतून बाहेर आलेले पाय. ह्यांचा मान ह्यांच्या पाठीवर राहणार होता आणि त्याच पाठीवर म्हातारी बांधून जाणार होती. तिला कुणी विचारलं होतं का? पट्टे वळून झाले की उद्या निघायचं.

दुपारी मी म्हणाले, मीठ मागून आणते. आणि वर गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं त्यातलं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगते.

ग्वाकांच्या अंगणात किमचीचं, म्हणजे हिवाळ्यासाठीच्या कोबीच्या लोणच्याचं, काम निघालं होतं. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कोबीच्या राशी, टोपल्या, तिखट. बायका जेवायला आत गेलेल्या. पंचीणबाई एकट्या पानांत मीठ घालत होत्या आणि थोरले ग्वाक ओट्यावर बसले होते. ओट्याच्या भिंतीवर म्हातारीचा फोटो. मी चपला काढल्या, पुढं गेले आणि बसले गुडघ्यावर. जमीन गोठलेली, वर कोबीचं खारं पाणी सांडलेलं. लुगड्यातून ते आत आलं.

"आम्ही आमची जागा विसरलो. माफी करा."

"तू नाही," ते म्हणाले. "त्यानं यायचं."

मी हललेच नाही. कपाळ जमिनीला लावून तशीच राहिले. मग पंचीणबाई मीठ घालताघालता म्हणाल्या, "नवराबायको एकदेह म्हणता ना तुम्ही चर्चमध्ये? मग हिचे गुडघे ते त्याचेच."

ग्वाकांनी वळून फोटोकडं पाहिलं. "परत म्हण."

मी परत म्हणाले. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणाले, म्हणून चौथ्यांदा.

मग मी म्हणाले, "एक मागते. त्यांना कळू देऊ नका. तुम्ही आपण होऊन दिली म्हणा."

तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं. त्यांना हे आवडलं. गुडघेही मिळाले आणि दयाळूपणाचं नावही. पंचीणबाईंनी भाव पूर्ण केला. "आणि दरवर्षी किमचीला ही येईल. पहिल्या दिवसापासून शेवटच्या रांजणापर्यंत."

"येईन," मी म्हणाले. घरी ह्यांना सांगितलं, ओढ्याच्या दगडावर घसरले. मीठ आणायचं विसरले होते, तेही ह्यांच्या लक्षात आलं नाही.

उन्हं कलायच्या आत पुतण्या किल्ली घेऊन आला. "काका म्हणाले, मयताशी कसलं वैर. पालखी न्या. एक खांदा मी लावतो."

ह्यांनी किल्ली हातात घेतली. मग रडायला लागले. मी त्यांना बाप गेला तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. "बघ, बुन्ने. मी वाकलो नाही, तरी त्यालाच लाज वाटली. पाळक म्हणत होते ते खरं आहे. आत असतं माणसाच्या ते."

"आधी दोन घास खा," मी म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी पाळकही आला. पहिल्या बसनं, पातळ कोटात, थंडीनं निळा पडलेला. दिलेला शब्द पाळला त्यानं, हे मी नाकारणार नाही. पुढच्या दांड्याला खांदा लावला. ह्यांनी आपला टॉवेल घडी करून त्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "हाडावर घेऊ नका, मांसावर घ्या." पुलापर्यंत गेला, मग पाय लटपटले, तेव्हा दुसऱ्यानं घेतलं. मागच्या दांड्याला ग्वाकांचा पुतण्या, बाकी आमच्याच खालच्या घरांतले, किल्ली आली तसे आलेले. थोरले ग्वाक रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभे होते. पाळकानं ते पाहिलं आणि रस्त्यातच हुंदके देऊन रडला. मी मागून चालत होते. चढाला पालखी तिरकी झाली, पण पाय कुठं दिसले नाहीत. तेवढं मात्र मी डोळे भरून पाहिलं. डाव्या गुडघ्यात कळ येत होती.

त्यानंतर हे एकोणीस वर्षं जगले आणि एकोणीस वर्षं ताठ जगले. ग्वाकांसमोरून जाताना मान वर. लोक हळूहळू ह्यांना बांगभाऊ म्हणायला लागले, पुतण्यानं सुरुवात केली होती. हिवाळा आला की हे विचारायचे, "तू कशाला जातेस त्यांच्याकडं राबायला?"

"चार कोबी मिळतात," मी म्हणायचे.

"मान ठेवून राहावं, बुन्ने."

हे मला म्हणायचे. मी हाताला मीठ लागलेलं धुवत असायचे, बोटांच्या भेगांत ते जायचं, आणि मी 'हो' म्हणायचे. कधीकधी इतकं तोंडावर यायचं, की सांगून टाकावं, तुमचा मान मी कुठं ठेवून आले आहे ते. नाही सांगितलं. त्यांना तेवढी एकच गोष्ट मिळाली होती आयुष्यात. ते गेले तेव्हा गावात पालखी उरली नव्हती. दवाखान्याची गाडी आली आणि घेऊन गेली.

चर्चला साठ वर्षं झाली तेव्हा यू पाळकांना बोलावलं. आता मोठे प्राध्यापक, केस पांढरे, तीन देशांत शिकवून आलेले, पुस्तकं लिहिलेले. नवीन चर्च, खुर्च्या, माईक. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेजारी पंचीणबाई, ऐंशी ओलांडलेल्या, वाळून अर्ध्या झालेल्या. थोरले ग्वाक कधीच गेले होते.

यू पाळकांनी आमची गोष्ट सांगितली. म्हणाले, मी सगळं ईशज्ञान पुस्तकांतून शिकलो, पण माणसाचा मान म्हणजे काय ते सेत्कोलच्या एका अंगणात शिकलो. करपलेला भात सांगितला. मी घाबरलो होतो, तेही सांगितलं, चपलांसकट. तेवढं प्रामाणिकपणानं सांगितलं. मग पालखी सांगितली, ग्वाकांची काढलेली टोपी सांगितली, पुतण्याचा खांदा सांगितला. माणसं रुमाल काढायला लागली. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दिवशी या गावात कुणीच कुणासमोर गुडघे टेकले नाहीत. एका माणसानं वाकायला नकार दिला आणि सगळं गाव सरळ उभं राहिलं. मी जगभर हे सांगत आलो आहे. त्या घरातली सून आज इथं बसली आहे."

खाली उतरून आले, माझे दोन्ही हात धरून मला उभं केलं. माझ्यापुढं चक्क कमरेत वाकले. माईक पुढं केला. "बुन्नेताई, तसंच झालं ना?"

मागच्या रांगेत माझी ओकबुन बसली होती, तिच्या मुलांना घेऊन. ती शाळेत मास्तरीण आहे. आपल्या बापाची ही गोष्ट ती मुलांना सांगते, मी ऐकलंय. तिचे डोळे भरलेले, आणि मान अशी वर, अगदी बापाची.

"होय," मी म्हणाले. "तसंच झालं."

टाळ्या वाजल्या. खूप वेळ वाजल्या. परत बसायला गेले तर डावा गुडघा वाकेना, मी तशीच अर्धवट उभी राहिले. पंचीणबाईंनी माझी बाही धरली, ओढून खुर्चीवर बसवलं आणि कानाशी तोंड आणलं.

"बरं बोललीस," त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळी लवकर ये. यंदा कोबी थोडाच आहे."

मी हो म्हणाले.